सचिवांचा उजवा कान

आमच्या सोसायटीच्या सभेत कोणी कुठे बसायचे हे मानद सचिव ठरवीत, आणि त्यामागे त्यांचे एक शास्त्र होते. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा कान गेला होता. त्यामुळे गळती, पार्किंग आणि वरच्या मजल्यावरून ठिबकणारे पाणी ह्या विषयांवर आवाज चढवणारे सभासद त्यांच्या डाव्या हाताला बसत. आणि ज्यांचे म्हणणे एरवी कोणी ऐकून घेत नाही, असे उजव्या हाताला. मला पहिल्याच सभेत उजवीकडची खुर्ची मिळाली.

"तुमचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतसुद्धा पोचत नाही," ते म्हणाले. "तुम्ही इथेच बसा. चांगला कान इकडे आहे."

त्या खुर्चीबरोबर सहसचिवपदही आले. मी नको म्हणालो, तेव्हा त्यांनी नेमकी मान वळवली होती.

आमची इमारत दादरला, शिवाजी पार्काच्या मागच्या गल्लीत. तीन मजली, लिफ्ट नसलेली. राहणारे बहुतेक निवृत्त: कोणी बँकेतले, कोणी कॉलेजातले, कोणी सरकारी कचेरीतले. मुले परदेशी. प्रत्येक घरात कपाटावर एक मोठी बॅग, आणि तिच्या मुठीला मागच्या विमानप्रवासाची पट्टी तशीच चिकटलेली. ह्या सगळ्यांत विमानात कधीही न बसलेले एकटे सचिवच होते.

सोसायटीच्या सभेचा पहिला विषय सगळीकडे एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इतर सोसायट्यांत कोणीतरी "वाचलं असं समजा" म्हणतो, बाकीचे "कायम" म्हणतात आणि सभा पुढे सरकते. आमच्या सचिवांना हे मान्य नव्हते. "समजा म्हणजे काय?" ते विचारीत. "जे घडलं ते समजायचं कशाला? ऐका." मग ते उभे राहत, चष्मा काढून खिशात ठेवीत आणि मागच्या सभेत जे जे घडले ते पहिल्या शब्दापासून मुखोद्गत म्हणून दाखवीत.

"पाण्याच्या टाकीचे झाकण लोखंडी असावे की फायबरचे, ह्यावर सविस्तर चर्चा झाली. लोखंडी झाकण गंजते, असे निदर्शनास आणण्यात आले. फायबरचे झाकण वाऱ्याने उडते, असेही निदर्शनास आणण्यात आले. लोखंडी झाकण गंजून हलके झाल्यास तेही उडेल काय, ह्या प्रश्नावर सभागृहात काही काळ शांतता पसरली."

एकाच पट्टीतला, चढउतार नसलेला तो आवाज ऐकता ऐकता पहिली जांभई बहुधा खिडकीजवळ येई. तिथून ती ओळीने सरकत सगळ्या खोलीभर फिरे. प्रत्येक इतिवृत्ताचे शेवटचे वाक्य ठरलेले होते: "सहसचिवांनी दिलगिरी व्यक्त केली व सभा संपली."

ह्या वाक्यात अतिशयोक्ती नव्हती. चहा उशिरा आला, पंखा बंद पडला, एखाद्याला बोलायला वेळ मिळाला नाही, तर ती माझीच चूक असे मला प्रामाणिकपणे वाटते. आणि माझी माफी दोन वाक्यांत संपत नाही. तिला प्रस्तावना असते. मग घडले ते का घडले ह्याचा शोध असतो. मी कुठे कमी पडलो, आधी कधी असाच कमी पडलो होतो, हेही येते. शेवटी ज्याची माफी मागायची, तोच माझ्या खांद्यावर हात ठेवून मला धीर देऊ लागतो. माझ्या दिवंगत वडिलांना ह्याचा राग येई. पत्नीला आता सवय झाली आहे. सचिवांना त्याचे काय वाटे, हे मला बरीच वर्षे कळले नाही. ते फक्त नोंद घेत.

इतिवृत्ताचा औषधी गुण उघडकीस आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांमुळे. मुलाकडे अमेरिकेत काही महिने राहून ते परतले, तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांना दडे बसल्यासारखे झाले होते. सगळे जग कापसातून बोलते आहे, असे ते म्हणत. नाक चिमटीत धरून, गाल फुगवून ते जोर लावीत आणि लालबुंद होत. "अहो, काहीतरी फुटेल!" म्हणून त्यांच्या पत्नी ओरडत, तेही त्यांना ऐकू येत नसे. त्याच आठवड्यात सभा होती. सचिव झाकणाच्या चर्चेपर्यंत आले असतील नसतील, प्राध्यापकांनी एक प्रचंड जांभई दिली आणि ते ताडकन उभे राहिले.

"उघडला! उघडला!"

"काय उघडलं? झाकण?" सचिवांनी विचारले.

"कान हो, कान!"

"विषयपत्रिकेत नाही. बसा."

पण पुढच्या सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद आली: "विषय क्रमांक एक चालू असताना एका सभासदाचे दोन्ही कान उघडले. सभेने समाधान व्यक्त केले."

तेव्हापासून आमच्याकडे एक रीतच पडली. विमानतळावरून आलेला माणूस बॅग घरात टाकायचा आणि कान तसाच राहिला असेल, तर पहिल्या मजल्यावर सचिवांची बेल वाजवायचा. ते त्याला सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवीत. पाण्याचे लहान लहान घोट घ्यायला लावीत. "जबडा सैल सोडा. कडक माणसाचा कान उघडत नाही," असे म्हणत, आणि मग सुरू करीत. कोणाला झाकण पुरे, कोणाला रंगकामाच्या निविदांपर्यंत जावे लागे. तळमजल्यावरच्या परबकाकू, मूळच्या मालवणकडच्या, मुलीकडे दुबईला जाऊन आल्या की दार उघडताच म्हणत, "सेक्रेटरीनू, माका आपला गच्चीचा गळतीवाला सांगा. त्याने माजो लवकर सुटता."

लोक हसत. मला मात्र ते हसू टोचे. एखाद्या माणसाने मन लावून घडवलेल्या गोष्टीचा उपयोग लोकांनी जांभयांसाठी करावा, ह्यात त्याचा अपमान आहे आणि त्या अपमानात मीही सामील आहे, असे मला वाटे. एका संध्याकाळी पार्काच्या कट्ट्यावर आम्ही दोघे बसलो होतो. मी अर्थातच त्यांच्या उजव्या बाजूला. समोर जाळीत मुले चेंडू मारीत होती. मी धीर करून विचारले, "तुम्हाला वाईट नाही वाटत? सगळे जांभया देतात."

"वाईट?" ते म्हणाले. "अहो, मी ते लिहितोच तसं. पूर्वी ह्याच सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या आहेत. भावाभावांनी बोलणं टाकलं, ते पार्किंगवरून. माणूस घरातून भांडण तयार करून आणतो. त्याला आधी अर्धा तास झाकण ऐकवायचं. जांभई देणाऱ्या माणसाला भांडता येत नाही, सहसचिव. जांभई आली की त्याचं तोंड उघडतं आणि मूठ सुटते."

"आणि तुम्हाला? तुम्हाला नाही येत कधी?"

ते गंभीर झाले. "नाही. मला ते फार रंजक वाटतं."

त्यांच्या मुलीनेही हे मला सांगितले होते: बाबांना जांभई देताना तिने जन्मात पाहिले नव्हते. आई गेल्यावर बाप-लेक दोघेच त्या घरात राहिले. पत्नीच्या निधनानंतरच्या सभेत त्यांनी शोकप्रस्ताव स्वतःच वाचला, त्याच सपाट आवाजात, एकही शब्द न चुकता. त्या दिवशी खोलीत कोणाला जांभई आली नाही.

मुलगी लग्न होऊन परळला गेली. तिला मुलगी झाली, आणि बारशाचा बेत माहेरी, आमच्या इमारतीत ठरला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण जावई एकुलते एक. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आत्या नाही तर तुम्ही. तिच्या कानात नाव तुम्हीच सांगायचं." त्यांनी लगेच विचारले, "ह्याला जावयांचं अनुमोदन आहे?" ती म्हणाली, "आहे हो आहे, एकमताने."

दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडे सराव करायला आले. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाला कुजबुजणे जमत नाही, हे मला तेव्हा कळले. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून "कुर्रर्र" केले आणि माझे डोके घणघणले. "जास्त झालं का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "थोडंसं." ते रोज येत राहिले. स्वतःचा आवाज उजव्या कानाने तोलून तोलून, थोडा थोडा कमी करीत, अखेर त्यांना ते साधले. एके दिवशी त्यांचा शब्द माझ्या कानात असा आला, जशी वाऱ्याने पडद्याची कड हलावी.

मधल्या काळात ते आगगाडीने इंदूरला थोरल्या भावाकडे गेले. तेवढ्यात जावयांच्या कंपनीने त्यांची परदेशी जायची तारीख अलीकडे आणली, आणि बारसेही अलीकडे आले. गाडीचे आरक्षण मिळेना. मी फोनवर विमानाचे सुचवले.

"माझ्याकडे एकच आहे, सहसचिव," ते म्हणाले. "लोक दोन घेऊन जातात. एक बिघडला तर दुसरा असतो."

"काही होणार नाही."

"किंचित सर्दी आहे."

"काही होणार नाही," मी पुन्हा म्हणालो. इतक्या ठामपणे मी फारच थोडी वाक्ये बोललो आहे.

बारशाच्या दिवशी सकाळी मी त्यांना आणायला विमानतळावर गेलो. ते बाहेर आले ते उजव्या कानावर तळहात दाबून. टॅक्सीत बसताच ते एवढ्या मोठ्याने बोलले की ड्रायव्हरने दचकून मागे पाहिले.

"विमान उत्तम आहे! स्वच्छ आहे! पण खाली उतरताना कोणीतरी कानात बूच मारलं!"

"दुखतंय का?" मी विचारले.

"काय?"

"दुखतंय का?"

"तुम्ही विहिरीतून बोलताय!"

आम्ही सरळ कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून पाहिले आणि माझ्याकडे वळून सांगितले, "पडदा शाबूत आहे. सर्दीमुळे नाकामागून कानात जाणारी नळी सुजली आहे, म्हणून आतली हवा अडकली. गिळत राहा, काही चघळा, वाफ घ्या, जांभया द्या. नळी उघडली की मोकळं होईल. नाक दाबून जोर मात्र लावायचा नाही. दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच या."

"संध्याकाळपर्यंत उघडेल?"

"उघडेलही. दोन-चार दिवस लागतील, तसंही होतं."

ते मी कागदावर लिहून त्यांना दाखवले. त्यांनी वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवली. एरवी ते म्हणाले असते, नोंद घेतली. आता त्यांनी पुन्हा कानावर तळहात दाबला.

दुपारपासून त्यांच्या घरी रीघ लागली. ज्यांचे ज्यांचे कान त्यांनी उघडले होते, ते सगळे आले. परबकाकूंनी गरम पाण्याचे घंगाळ आणून त्यांच्या डोक्यावरून टॉवेल टाकला. कोणी चणे चघळायला दिले, कोणी आवळकाठी. मग प्राध्यापक समोर उभे राहिले. "आता आमची पाळी," म्हणून त्यांनी उंच आवाजात झाकणाचे इतिवृत्त सुरू केले. सचिव डोळे बारीक करून, अर्धे ऐकून आणि अर्धे ओठांवरून ओळखून लक्ष देत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"लोखंडी आधी! फायबरचं नंतर! क्रम चुकला!"

प्राध्यापकांनी क्रम सुधारला. सोफ्यावर पहिली जांभई आली. मग दाराशी. मग स्वयंपाकघरातून घुगऱ्यांचे पातेले घेऊन येणाऱ्या बाईंना. शेवटी खोलीतले प्रत्येक तोंड उघडत होते आणि मिटत होते. आणि मधोमध सचिव ताठ बसून, उत्सुकतेने पुढच्या वाक्याची वाट पाहत होते.

"अगो बाये," परबकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "आमका सगळ्यांका झोप इली, आणि ह्यांका काय्येक नाय!"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. बाळाला खांद्यावर घेऊन ती आतल्या दारात उभी होती. पाळण्याला झेंडूच्या माळा लावून झाल्या होत्या, बायका जमू लागल्या होत्या.

"बाबा, राहू दे," ती त्यांच्याजवळ वाकून मोठ्याने म्हणाली. "आपण परबकाकूंना सांगू नाव सांगायला. तुम्ही शेजारी उभे राहा."

तिला वाटले असावे, ते रागावतील. ते रागावले नाहीत. "तेच बरं," ते म्हणाले, आणि त्या दोन शब्दांचाही आवाज इतका मोठा झाला की बाळ दचकून रडू लागले. मुलीच्या खांद्यावर त्याचा चेहरा वेडावाकडा होत होता, लहानशी मूठ हवेत थरथरत होती, आणि सचिव त्या रडण्याकडे नुसते पाहत होते. ते रडणे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

"बघितलंस?" ते म्हणाले. आता त्यांनी आवाज दाबायचा प्रयत्न केला, पण तो जमत नव्हता. "तिच्या कानात कोणी सांगितलेला पहिला शब्द, आणि तो मी ओरडणार?"

आतापर्यंत मी भिंतीशी उभा होतो. मला ते पाहवेना. मी पुढे झालो, त्यांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो आणि हात जोडले.

"सचिवसाहेब," मी सुरुवात केली, "हे माझ्यामुळे झालं. तुम्ही सर्दी आहे म्हणालात, ते मी ऐकलं होतं. ऐकूनही मी म्हणालो की काही होणार नाही. मला काय माहीत होतं? काहीच नाही. मला फक्त तुम्ही वेळेवर यायला हवे होतात, आणि खरं सांगायचं तर तुम्ही वेळेवर आलात म्हणजे मी सुचवलेलं बरोबर ठरेल, हेही मनात असेल. मी ह्याचा टॅक्सीतही विचार करत होतो. गच्चीच्या कामाच्या वेळीसुद्धा माझं असंच झालं होतं. तेव्हाही मी..."

त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीत होते. तरी मला थांबता येत नव्हते. ते माझ्याकडे एकटक पाहत होते. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या. मग नाकपुड्या फुलल्या. मग आयुष्यभर ताठ राहिलेली ती हनुवटी हळूहळू खाली जाऊ लागली. त्यांनी ती आवरायला हात वर नेला, पण हात अर्ध्यातच थांबला. मी गच्चीच्या कामावरून त्याच्याही आधीच्या वर्गणीच्या घोळाकडे वळत होतो, आणि माझ्यासमोर आमचे मानद सचिव, डोळे गच्च मिटून, दोन्ही खांदे उचलून, जांभई देत होते. ती संपेचना. प्राध्यापक उठून उभे राहिले. परबकाकूंनी तोंडावर पदर धरला.

जांभई संपली. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आले होते. त्यांनी एक बोट वर करून मला गप्प केले, मान थोडी कलती केली, आणि उजवी बाजू आतल्या दाराकडे वळवली. बाळ अजून मुसमुसत होते.

"भूक लागली आहे तिला," ते म्हणाले. हळू.

मुलीने बाळाला दूध पाजून पाळण्यात ठेवले. बायकांनी पाळणा म्हटला. सचिव खाली वाकले आणि उजवा हात आडोशाला धरून बाळाच्या कानाशी ओठ नेले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो, पण कोणालाच काही ऐकू आले नाही. ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. एका नावाला एवढा वेळ लागत नाही.

"बाबा, काय सांगताय एवढं?" मुलीने विचारले.

बाळाने त्याच क्षणी तोंड उघडून एक इवलीशी जांभई दिली.

सचिव सरळ झाले. "कायम झालं," ते म्हणाले.

घुगऱ्या खाताना मी त्यांना विचारले की माझे बोलणे त्यांना ऐकू आले होते का. "एक अक्षर नाही," ते म्हणाले. "पण तुमचे जोडलेले हात दिसले, आणि पुढचं सगळं मला पाठ होतं." मग त्यांनी माझ्या पानात आणखी एक पेढा ठेवला. "रागावू नका. इतकी वर्षं मी ते एका वाक्यात उरकत आलो. आज पहिल्यांदा पूर्ण घेतलं. उपयोगाचं आहे."

घरी येऊन मी त्या शब्दावर विचार करीत राहिलो. माझा पश्चात्ताप खरा आहे, खोल आहे, कदाचित थोडा उदात्तही आहे, असे मी समजत आलो होतो. तो कंटाळवाणा आहे, ही शक्यता मला सुचली नव्हती. आणि कंटाळवाणा असूनही तो कोणाच्या तरी कामी येऊ शकतो, ही तर मुळीच नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.

आता आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. सभासद पांगले आहेत. मी परळला भाड्याने राहतो आणि जाता-येता आमच्या जागेवर चढत चाललेले मजले पाहतो. नव्या टाकीला झाकण कशाचे असेल, ह्याची चौकशी सचिवांनी आधीच केली आहे. जावई परदेशातून परतून बंगलोरला स्थायिक झाले, तेव्हापासून ते तिथे मुलीकडे असतात आणि सोसायटीच्या सभेला न चुकता येतात, विमानाने. सर्दी असली तर तिकीट पुढे ढकलतात. उतरल्यावर कान मोकळा असला तर मला संध्याकाळी फोन येतो. नसला, तर विमानतळावरूनच येतो.

"हं, सहसचिव," मोठ्या आवाजात ते म्हणतात. "करा सुरुवात."

आणि मी करतो, जमेल तितक्या मोठ्याने; जे पोचत नाही ते त्यांना पाठ असते. काही ना काही असतेच. एरवी पलीकडून एक लांब श्वास ऐकू येतो, मग हळू झालेला आवाज: "उघडला. आभार."

मागच्या खेपेला मात्र मला अडचण आली. फोन कानाला लावून मी गॅलरीत उभा होतो. आठवडा डोळ्यांपुढून फिरवला, मग महिना. पत्नी आत गुणगुणत होती. मनात कुठेही काही सलत नव्हते.

"साहेब," मी शक्य तितक्या मोठ्याने म्हणालो, "ह्या वेळी खरंच काही सापडत नाही."

पलीकडे बॅगांची, ट्रॉल्यांची खडखड ऐकू येत होती. त्यांना माझे शब्द पोचले की नाही, कळेना. मग त्यांचा आवाज आला, ओरडूनच, पण त्यात एक हसू होते.

"नोंद घेतली! अभिनंदन! पण कान बंद आहे हो. काहीतरी जुनं काढा."